माझ्या जागी दुसरी कोणी असती तर

सांगली,
रविवार, दुपार

चि. माऊ व चि. बाळू यांस अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र तुम्हा दोघांना आहे. परंतु बाळूची गाडी अजून काना-मात्रेपाशीच अडलेली असल्यामुळे ते वाचून दाखवण्याचे काम माऊने करायचे आहे, आणि वाचताना स्वतःला गैरसोयीची वाटणारी वाक्ये गाळायची नाहीत. एका घरात राहणाऱ्या, रोज शेजारी बसून जेवणाऱ्या मुलांना बापाने पत्र कशाला लिहायचे, असे तुमच्या आजीने मघाशी विचारलेच. काही गोष्टी तोंडाने सांगायला गेलो की माझी जीभ अडखळते आणि मी भलतेच काहीतरी बोलतो, गृहपाठ झाला का, दूध संपवलेस का, असे. कागदावर तसे होत नाही, एवढेच मी तिला सांगितले.

माऊ, मागच्या आठवड्यात वीज गेली होती त्या रात्री गच्चीवर अंथरुणे टाकली असताना तू मला विचारलेस, "पप्पा, मी तुम्हाला का आवडते?" मी वर्तमानपत्राने वारा घेत अगदी सहज म्हणालो, "माझी मुलगी आहेस म्हणून." माझ्या लेखी तो विषय तिथेच संपला होता. तू थोडा वेळ गप्प राहिलीस आणि मग म्हणालीस, "म्हणजे माझ्या जागी दुसरी कोणी तुमची मुलगी झाली असती, तर तीपण आवडली असती." तुझ्या आवाजात तक्रार नव्हती. बेरीज बरोबर येते का, हे पडताळून पाहावे तसे तू ते म्हणालीस आणि पाठ वळवून झोपूनही गेलीस. मी मात्र वीज आल्यावरही बराच वेळ जागा होतो. अडत दुकानात इतकी वर्षे दिवाणजीचे काम करताना माझ्या हिशेबातली चूक इतक्या सरळपणे मला कोणी दाखवलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी एक वेडेपणा केला. संध्याकाळी अण्णा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते, तेव्हा त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि तुझाच प्रश्न त्यांना विचारला. चाळिशीला आलेल्या मुलाने बापाला असे काही विचारावे, याची त्यांना एवढी लाज वाटली, की त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बरं नाही का तुला? जेवलास का?" मी उठलो. आमच्या पिढीला हे नवीन नव्हते. अण्णांनी आम्हाला कधी काही कमी केले नाही. शनिवारी हप्ता मिळाला की भडंगाचा पुडा घरी यायचाच, आणि तो पुडा म्हणजेच त्यांचे बोलणे, असे आम्ही धरून चाललो होतो. मात्र पुडा सगळ्या भावंडांत सारखा वाटला जायचा. त्यात माझ्या एकट्याचे असे काय होते, ते मला कधी कळले नव्हते.

आणि मग सकाळी चहा पिताना, बशीतून नजर वर न उचलता, अण्णा एकदम म्हणाले, "मी पेवात असलो की तू काठावरनं हलायचा नाहीस. जेवाय चल म्हटलं तरी नाही." एवढेच बोलून ते चूळ भरायला गेले.

पेव म्हणजे काय, हे तुम्हाला नीट ठाऊक नाही, म्हणून सांगतो. हरिपूरच्या बाजूला जमिनीत खोल खड्डे खणलेले असत, तोंड अरुंद आणि पोट मोठे, रांजण पुरून ठेवावा तसे. तिथली मातीच अशी घट्ट, की त्यात भरलेली हळद वर्षानुवर्षे न किडता टिकायची, आणि भाव चढला की पेव फोडून माल बाहेर काढायचा. अण्णा तेव्हा हळदीची हमाली करत. बंद पेवात हवा कोंदलेली असते. झाकण काढल्या काढल्या कोणी उतरला, तर गुदमरून जिवाला मुकतो. म्हणून तोंड उघडून पेव बराच वेळ तसेच ठेवायचे, मग दोरीने कंदील आत सोडायचा आणि ज्योत नीट तेवत राहिली, तरच माणसाने उतरायचे. सुट्टीच्या दिवशी मी अण्णांचा डबा घेऊन तिथे जायचो. ते खाली उतरले, की मला वाटायचे, मी नजर हलवली तर कंदील विझेल. ही माझी मनातल्या मनातली भीती होती आणि ती मी कोणालाही सांगितलेली नव्हती. अण्णांनी ती खालून, त्या अंधारातून पाहिली होती आणि तीस वर्षे जपून ठेवली होती. २००५ च्या महापुराने त्यातली बरीच पेवे निकामी केली. नंतर माल गोदामात आणि शीतगृहात जाऊ लागला, आणि तो विषय घरात कधी निघालाच नाही. त्या दिवशी बाजार आवारात माझ्याकडून दोन पट्ट्यांवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदांवर, वजने चुकीची पडली. मालक ओरडले, पण मला त्याचे काही वाटले नाही.

आता तुमच्याविषयी. तुमच्या बाबतीत तीस वर्षे थांबायचे नाही, असे मी ठरवले आहे.

माऊ, तू दुसरीत असताना आपण हरिपूरला गेलो होतो. पावसाळा नुकताच सरला होता. चिंचेच्या झाडांखालून जाणाऱ्या त्या रस्त्याने तू स्कूटरवर पुढे उभी राहून गेलीस, संगमेश्वराचे दर्शन घेतलेस आणि घाटावर येऊन दोन नद्यांचे दोन रंगांचे पाणी एकमेकांत मिसळताना पाहिलेस. तू विचारलेस, "इथून पुढे हिचं नाव काय?" मी म्हणालो, "कृष्णा." तू विचारलेस, "मग वारणा कुठे गेली?" मी सांगितले, की ती कृष्णेला मिळाली, आणि मोठ्या नदीला धाकटी मिळाली की पुढे मोठीचेच नाव चालते. तुला ते मुळीच पटले नाही. घरी येईपर्यंत तू एक अक्षर बोलली नाहीस. त्यानंतर कोल्हापूरला जाताना अंकलीचा पूल आला, की खिडकीतून वाकून तू "कृष्णा-वारणा" असे पुरते नाव घेतेस, आणि नरसोबाच्या वाडीला गेलो की त्यात पंचगंगाही जोडतेस. कराडला कोयना आणि ब्रह्मनाळला येरळा हिला आधीच मिळालेली असते, असे मी एकदा बोलून गेलो आणि पस्तावलो, कारण आता सांगलीतल्या आयर्विन पुलावरून जातानासुद्धा आम्हाला "कोयना-येरळा-कृष्णा" म्हणावे लागते. आई हसते, रिक्षावाले वळून बघतात. माझा जन्म या नदीच्या काठी गेला. पूर आला की आयर्विनला पाणी किती फूट, चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, २०१९ साली सत्तावन्नच्याही वर, हे आकडे मला पाठ आहेत. पण पुढे वाहत गेलेल्या वारणेची आठवण ठेवावी, हे मला कधी सुचले नाही. ज्याचे नाव मागे पडले, त्याला तू विसरत नाहीस. तू मला आवडतेस त्याचे हे पहिले कारण आहे, आणि ते तुझ्या आईचेही नाही आणि माझेही नाही, निव्वळ तुझे आहे.

दुसरे कारण सांगितल्यावर तू रागावशील. तू सापशिडीत लबाडी करतेस. मी पाहिले आहे. बाळूची सोंगटी सापाच्या तोंडाशी आली, की तू फासा हळूच बोटाने फिरवतेस आणि त्याला पुढच्या घरात नेऊन ठेवतेस. नंतर तो जिंकला, की हरल्याबद्दल खरोखरीचे रडू आल्यासारखे तोंड करतेस. लबाडी वाईटच, आणि तुझी आई म्हणते की तू याला लाडावून ठेवशील. तेही बरोबर असेल. पण मी दाराआडून ते पाहतो आणि आत येत नाही.

लोक तुला हुशार म्हणतात. मीही म्हणतो, प्रगतिपुस्तकावर सही करताना तर म्हणावेच लागते. पण हुशार हा शब्द गल्लीतल्या दहा मुलींना लागू पडतो. तो भडंगाच्या पुड्यासारखा आहे, सगळ्यांत सारखा वाटता येतो. वारणेचे तसे नाही.

बाळू, आता तुझे ऐक. तू पडलास किंवा कोणी तुझे काही घेतले, की तू लगेच रडत नाहीस. आधी घरात येतोस, माझ्यासमोर किंवा आईसमोर उभा राहतोस आणि म्हणतोस, "मला आता रडायचंय." आम्ही "बरं" म्हटले, की मग मांडीवर बसून रीतसर रडतोस. आपल्याला काय होते आहे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा माणूस मला बाजारात नाही भेटला आणि नात्यातही नाही. तू असे सांगायला आलास, की मी हातातले काम खाली ठेवतो, हे तुझ्या लक्षात आले असेल किंवा नसेल.

तुला बूट घालायला अर्धा तास लागतो. एक बूट घातलास, की दुसऱ्यात मुंगी गेली आहे का, हे पाहायला तू खाली वाकतोस, आणि मुंगी असली तर ती बाहेर येईपर्यंत थांबतोस. फेब्रुवारीपासून हळदीचा हंगाम असतो, सौद्यांना वेळेवर पोहोचायचे असते, आणि अशाच एका सकाळी मी तुझ्या हातातून बूट ओढून घेतला, तुझ्या पायात कोंबला आणि तुझ्यावर ओरडलो. त्या दिवशी तू रडायचे आहे असे सांगायला आला नाहीस. स्कूटरवर पुढे गप्प बसून राहिलास. ते मला अजून टोचते. मुंगीसाठी थांबणे हा तुझा दोष आहे, असे मी सगळ्यांना सांगत आलो आहे. खरे म्हणजे तेच मला आवडते, फक्त सकाळी साडेआठला आवडत नाही. यात चूक तुझी नाही, घड्याळाची आणि माझी आहे.

आणि एक. दिवसभर हळदीत राहून माझी बोटे, नखे, शर्टाच्या बाह्या पिवळ्या होतात आणि साबणाने जात नाहीत. शाळेच्या पालकसभेला मी हात खिशात घालून बसतो, हे तुम्हा दोघांनाही माहीत नसेल. गेल्या हंगामात बाळूला मी एकदा गोदामात नेले होते. तिथे तो पोत्यांमध्ये कुठे कुठे हिंडला कोण जाणे, पण घरी आला तो कोपरापर्यंत पिवळा होऊन. आईने ओरडायच्या आत त्याने दोन्ही हात वर केले आणि अंगणभर धावत सुटला, "मी पप्पा झालो! मी पप्पा झालो!" आजीने त्याला दोन दिवस घासले. मी मात्र त्यानंतरच्या पालकसभेला हात टेबलावर ठेवले. बाळू, हे कारण पुरे आहे, याच्यापुढे मला काही लिहिता येणार नाही.

तर माऊ, तुझा प्रश्न. आमच्या बाजारात सौद्याच्या वेळी व्यापारी ढिगातून एक हळकुंड उचलतो, ते कडकन मोडतो, आतला रंग पाहतो आणि भाव बोलतो. रंग उतरला, की भावही उतरतो. मी दिवसभर हेच पाहत असल्यामुळे मला आधी अशी भीती वाटली, की तुम्हाला कारणे सांगितली तर तुम्ही ती भावासारखी समजाल, म्हणजे उद्या पुलावरून जाताना वारणेचे नाव घ्यायचे विसरलात, तर पप्पांचे प्रेम क्विंटलमागे इतके कमी झाले, असे. तसे समजू नका. तू मोठी होशील, पुलावर ओरडायची तुला लाज वाटू लागेल. बाळू एक दिवस झटपट बूट घालून निघूनही जाईल आणि रडायचे असले तर ते आम्हाला सांगणार नाही. तेव्हा ही कारणे जुनी होतील आणि मला नवी पाहावी लागतील. ते काम माझे आहे, तुम्ही त्यासाठी काही करायचे नाही.

तुझ्या जागी दुसरी कोणी असती, तर तीही मला आवडली असती, हे तुझे म्हणणे खरे आहे, आणि त्यावर मी खोटे बोलणार नाही. तिची कारणे निराळी असती, आणि तीही मी अशीच लिहून काढली असती. फक्त अंकलीच्या पुलावर आमच्या गाडीत सगळे गप्प बसले असते, आणि काहीतरी राहून गेले आहे, हे मला कळलेही नसते.

पुढच्या रविवारी आपण पुन्हा हरिपूरला जाऊ. अण्णांना विचारले, तर "उन्हाचं कशाला" म्हणाले, पण नंतर त्यांनी स्वतःच काठीचे रबर बदलून आणायला सांगितले आहे. त्यांचे पेव कुठे होते, ती जागा आता ओळखू येते का, ते पाहायचे आहे. माऊ, तू त्यांचा हात धरून चाल, मी धरलेला त्यांना चालत नाही. बाळूच्या बुटांसाठी आपण अर्धा तास आधी उठू.

तुमचे,
पप्पा