जी-२० मधली दक्षिण आफ्रिकेची खुर्ची : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

सविनय नमस्कार.

९ सप्टेंबर २०२३ रोजी भारत मंडपममध्ये पंतप्रधानांनी आफ्रिकन युनियनला जी-२० चं सदस्यत्व देण्याचा प्रस्ताव मांडला, हातोडी वाजली आणि युनियनचे तेव्हाचे अध्यक्ष अझाली असूमानी यांना आपण स्वतः त्यांच्या जागेपर्यंत घेऊन आलात. आम्ही ते टीव्हीवर पाहिलं. तेव्हा वाटलेला अभिमान आजही तसाच आहे, म्हणूनच हे लिहितोय.

त्याच आफ्रिकेतला जी-२० चा एकमेव सदस्य देश आता बाहेर काढला जातोय. नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेवर अमेरिकेने बहिष्कार टाकला. ती संपल्यावर काही दिवसांतच अध्यक्ष ट्रम्प यांनी जाहीर केलं की, अमेरिकेच्या यजमानपदाखालच्या २०२६ च्या मायामीतल्या परिषदेचं निमंत्रण दक्षिण आफ्रिकेला मिळणार नाही. मग त्यांचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी पोलंडला बोलावणार असल्याचं सांगितलं. पोलंडने जरूर यावं. पण दुसऱ्याचं नाव खोडायचा अधिकार यजमानाला कुणी दिला?

जी-७ चंच पाहा. १९७५ मध्ये फ्रान्समधल्या रांबुयेला सहा श्रीमंत देश जमले, पुढच्या वर्षी कॅनडा आला, १९९८ मध्ये रशिया. युक्रेनचा क्रिमिया गिळल्यावर मार्च २०१४ मध्ये रशियाला दूर केलं, तेही सातही देशांनी हेगमध्ये एकत्र बसून. तो निर्णय पटो न पटो, एकट्या यजमानाचा नव्हता.

त्याच वर्षी जी-२० चं यजमानपद ऑस्ट्रेलियाकडे होतं. ब्रिस्बेनला पुतिन यांना येऊ द्यायचं की नाही, अशी चर्चा तिथे सुरू झाली. त्यावर ब्रिक्सच्या, म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका या गटाच्या, परराष्ट्रमंत्र्यांनी हेगमध्येच निवेदन काढलं : जी-२० वर सगळ्या सदस्यांचा सारखाच हक्क आहे, तिचं स्वरूप कुणी एक देश परस्पर ठरवू शकत नाही. त्या निवेदनात भारतही होता. पुतिन ब्रिस्बेनला आले. शेजाऱ्याचा प्रदेश बळकावणाऱ्या देशासाठी आपण जे तत्त्व मांडलं, ते दक्षिण आफ्रिकेसाठी मांडताना कचरायचं कशाला?

जी-२० ला घटना नाही, कायमचं सचिवालय नाही. आहे ती सहमतीची प्रथा. मावळता, विद्यमान आणि पुढचा अध्यक्ष अशा त्रयीने कारभार पाहायचा, हीही प्रथाच. त्या हिशोबाने २०२६ मध्ये विद्यमान अध्यक्ष अमेरिका आणि पुढचा अध्यक्ष ब्रिटन यांच्या जोडीला दक्षिण आफ्रिका असायलाच हवी. हे एकदा मोडलं की यजमानाची मर्जी हाच नियम होऊन बसेल. रशियाचं तेल घेतो म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क लादलं. उद्या तेवढ्याच कारणावरून आपलंही नाव खोडलं, तर आपल्या बाजूने कोण उभं राहील?

व्यापाराच्या वाटाघाटींमुळे सरकारला प्रत्येक शब्द तोलून वापरावा लागतो, हे मला समजतं. अमेरिकेशी भांडण काढा, असं मी म्हणत नाही. पण २०२६ मध्ये ब्रिक्सचं अध्यक्षपद भारताकडे आहे. २०१४ चं ते तत्त्व आपल्या अध्यक्षतेखालच्या निवेदनात पुन्हा यावं, आणि या वेळी दक्षिण आफ्रिकेचं नाव घेऊन यावं. शिवाय जी-२० च्या शेर्पांच्या, म्हणजे परिषदेची तयारी करणाऱ्या नेत्यांच्या प्रतिनिधींच्या, प्रत्येक बैठकीत भारताच्या प्रतिनिधीने सुरुवातीलाच विचारावं की, दक्षिण आफ्रिकेचा प्रतिनिधी इथे का नाही, आणि हा आक्षेप नोंदवून घ्यायला लावावा.

आपला नम्र,
पुण्यातील एक नागरिक