झाकण मिटल्यावरही जागा राहणारा मिनी संगणक : तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : सात इंची टचस्क्रीन मिनी संगणक प्रवासात बॅगेत आपोआप चालू राहणे, तापणे आणि बॅटरी फुगणे याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचा सात इंची टचस्क्रीनचा मिनी संगणक मी नऊ महिन्यांपूर्वी विकत घेतला. पावतीची प्रत आणि अनुक्रमांक सोबत जोडला आहे. गेल्या दोन महिन्यांत मी सर्व्हिस सेंटरला चार वेळा लिहिले आणि चारही वेळा ‘यंत्र रीसेट करून पाहा’ एवढेच उत्तर आले. रीसेट दोनदा करून झाले आहे. आता गोष्ट रीसेटच्या पलीकडे गेली आहे, म्हणून थेट आपल्याला लिहीत आहे.

मी अनुवादक आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस माझे काम गाडीत, स्टेशनवर, विमानतळावर चालते. खांद्याच्या दुखण्यामुळे दोन किलोचा लॅपटॉप आणि त्याचा जड चार्जर वागवणे मला जमेनासे झाले होते. २००६च्या मार्चमध्ये हॅनोव्हरच्या सेबिट प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टने ‘ओरिगामी’ प्रकल्पाचे सात इंची टचस्क्रीन संगणक दाखवले, तेव्हापासून असे यंत्र आपल्याजवळ असावे असे मला वाटत होते. म्हणून आपला संगणक हातात आला तेव्हा मला खरोखर आनंद झाला. वजन जेमतेम सातशे ग्रॅम, बिजागरी भक्कम, कीबोर्ड लहान असला तरी आठवडाभरात बोटांना सवय झाली. एवढ्याशा पडद्यावर १९२० बाय १२०० पिक्सेल असल्यामुळे अक्षरे मोठी करून घेतली तरी देवनागरीची वेलांटी आणि रफार स्वच्छ दिसतात. दिवसभर जोडाक्षरे तपासणाऱ्या माणसाला याचे मोल कळते. यंत्र वाईट आहे असे मी म्हणत नाही. प्रवासासाठी म्हणून विकलेले हे यंत्र नेमके प्रवासात, बॅगेत असताना बिघडते, ही माझी तक्रार आहे.

पहिल्यांदा हे घडले ते सहा तासांच्या बसप्रवासात. निघताना बॅटरी ९१ टक्के होती. झाकण मिटले, संगणक बॅगेत ठेवला. उतरल्यावर बॅगेत हात घातला तर यंत्र इतके गरम की हात चटकन मागे आला. बॅटरी १४ टक्क्यांवर. त्या संध्याकाळी एक करारपत्र तपासून द्यायचे होते, ते वेळेत गेले नाही. मला वाटले, झाकण नीट मिटले नसेल. पुढच्या प्रवासात मी दोनदा तपासून झाकण मिटले, तरी तेच. तिसऱ्यांदा चुंबकाने मिटणारी बॅग बदलून साधी चेनची बॅग घेतली, कारण झाकण मिटल्याचे ओळखणारा सेन्सर चुंबकावर चालतो आणि बाहेरच्या चुंबकाने तो फसू शकतो. तरीही फरक पडला नाही.

मग विंडोजमधला ‘स्लीपस्टडी’ अहवाल, म्हणजे झोपेच्या अवस्थेत यंत्राने काय केले आणि किती वीज वापरली याची नोंद, काढला, तोही सोबत जोडला आहे. त्यानुसार त्या सहा तासांत यंत्र खऱ्या अर्थाने कमी विजेच्या अवस्थेत एकूण वेळेच्या फक्त ८ टक्के होते. बाकी वेळ ते वाय-फाय शोधत होते, अपडेट बघत होते, आतल्या आत चालूच होते. आपल्या बॅटरीवर ३८.५ वॉट-तास लिहिले आहे. त्यातली ७७ टक्के वीज सहा तासांत गेली, म्हणजे सुमारे पाच वॉट सतत. पंख्याच्या जाळीला कापड चिकटलेले, हवा यायला जागा नाही आणि आत पाच वॉटची उष्णता. दुसरे काय होणार?

याचे कारण मला समजते. आपण या यंत्रात फक्त ‘मॉडर्न स्टँडबाय’ दिले आहे, म्हणजे फोनसारखी अर्धवट झोप. पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये असायची तशी गाढ झोप, ज्यात मेमरी सोडून जवळजवळ सगळे बंद होते, ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, कुठेच नाही. फोन खिशात असतो आणि त्याची घडणच त्या अर्धवट झोपेसाठी असते. पंखा लागणारा प्रोसेसर बंद बॅगेत तसा चालवणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि हे ग्राहकाने स्वतः शोधून काढायचे का? चार महिने मी झाकणाला, बॅगेला आणि स्वतःच्या विसरभोळेपणाला दोष देत होते.

शेवटी मी झाकण मिटताच संगणक ‘हायबरनेट’ व्हावा अशी सेटिंग केली. मेमरीतले सगळे डिस्कवर जाते आणि यंत्र खरेच बंद होते. तीन आठवडे सुरळीत गेले. मग आपलेच एक अपडेट आले आणि ती सेटिंग न विचारता मूळ जागी गेली. मला कळले ते पुढच्या गाडीत, पुन्हा गरम बॅग हाताला लागल्यावर. विमानात चेक-इन सामानात ठेवलेले उपकरण पूर्ण बंद असावे, झोपलेले चालत नाही, असा नियम आहे. झाकण मिटले म्हणजे बंद झाले, असे समजून एखाद्याने हे यंत्र त्या सामानात दिले तर?

चार्जिंगबद्दल थोडक्यात. ‘कोणत्याही टाइप-सी पॉवर बँकेवर चालते’ असे खोक्यावर छापले आहे. प्रत्यक्षात ९ व्होल्ट देणारी पॉवर बँक यंत्र स्वीकारत नाही. २० व्होल्टचीच लागते. एवढे खोक्यावर छापले असते तर मी योग्य ती पॉवर बँक घेतली असती.

सोबत आलेला चार्जर लावला की पडदा स्वतःच हलतो. स्पर्श न करता कर्सर उडतो, वाक्यामध्येच शब्द निवडले जातात, आणि एकदा तर अर्धे पान पुसले गेले. चार्जर काढला की सगळे ठीक. दुसरा, तीन पिनांचा चार्जर लावला तरीही ठीक. म्हणजे दोष चार्जरमधून येणाऱ्या विद्युत गोंगाटाचा आहे, जो स्पर्श ओळखणाऱ्या पडद्याला बोटासारखा भासतो. सर्व्हिस सेंटरने मात्र पडदा बदलण्याचा खर्च कळवला. तो मी देणार नाही.

आता सगळ्यात गंभीर बाब. गेल्या महिन्यात कीबोर्डच्या डाव्या कडेला तळपट्टी आणि वरचा भाग यांत फट दिसू लागली. यंत्र सपाट टेबलावर ठेवले तर डुगडुगते. बॅटरी फुगली आहे. पूर्ण चार्ज असलेली लिथियम-आयन बॅटरी वारंवार तापली की आत वायू तयार होतो, हे आपल्या अभियंत्यांना मी सांगायला नको. मी फोटो पाठवले. उत्तर आले की यंत्र पॅक करून हवाई कुरिअरने पाठवा. फुगलेली, सदोष लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला मनाई आहे. ज्या कंपनीचे सगळे उत्पादनच लिथियम बॅटरीवर चालते, त्या कंपनीच्या ग्राहक सेवेने असे सांगावे, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. त्या विमानात माणसे असतात.

माझे म्हणणे असे : हे यंत्र आपण सुरक्षित पद्धतीने, रस्त्याने, योग्य खोक्यातून स्वखर्चाने परत न्यावे आणि मला नवीन यंत्र किंवा पूर्ण रक्कम द्यावी. वॉरंटी अजून तीन महिने शिल्लक आहे. नवीन यंत्र देणार असाल तर त्यासोबतचा चार्जर बदललेला असावा. बायोसमध्ये गाढ झोपेचा पर्याय द्यावा. ते शक्य नसेल तर झाकण मिटल्यावर दहा-पंधरा मिनिटांत यंत्र आपोआप हायबरनेट होईल अशी मूळ सेटिंग ठेवावी, आणि कोणत्याही अपडेटने ती बदलू नये. हे फक्त माझ्यापुरते नको, हे यंत्र घेतलेल्या सगळ्यांसाठी हवे. त्यातले बहुतेक जण अहवाल काढून बघणार नाहीत. ते गरम बॅग मांडीवर घेऊन बसतील.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावे. तोवर चार्जर काढून यंत्र मी पूर्ण बंद केले आहे आणि कपडे, कागद यांपासून लांब, फरशीवर ठेवले आहे. घरातल्या सगळ्यांना त्याला हात लावू नका असे सांगितले आहे.

आपली,
एक ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, स्लीपस्टडी अहवाल, तळपट्टीचे चार फोटो, सर्व्हिस सेंटरशी झालेला पत्रव्यवहार.