‘चारचाकी, बंद’ : चुकीच्या टोइंगमुळे निकामी झालेल्या गाडीबाबत तक्रार

प्रति,
मुख्य व्यवस्थापक,
रस्त्यावरील मदत सेवा विभाग

विषय : फ्लॅटबेड (अख्खी गाडी पाठीवर चढवून नेणारा सपाट ट्रक) मागितला असताना पुढची चाकं उचलून गाडी ओढत नेल्याबद्दल आणि त्यानंतर मिळालेल्या उत्तरांबद्दल

महोदय,

आज सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी तुमच्या तक्रार कक्षातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांशी माझं बोलणं झालं. नऊ दिवसांतला हा माझा सहावा फोन. तो ठेवला आणि लगेच हे पत्र लिहायला बसले. आता तोंडी काही बोलायचं नाही, असं ठरवलं आहे.

तुमच्या योजनेत काय येतं आणि काय येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मी चार वर्षं ती न चुकता पुढे चालू ठेवली आहे. साधी सोडून वरची योजना घेतली ती फक्त एका ओळीसाठी : ‘वाहनाच्या प्रकारानुसार फ्लॅटबेड’. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे, ऑल व्हील ड्राइव्ह आहे. इंजिनाची ताकद तिच्या चारही चाकांना जाते. योजना घेताना हे तुम्हीच फॉर्ममध्ये विचारलं होतं आणि मी ते भरलं होतं. गाडीचा नंबर सांगितला की तुमच्या माणसाला ते समोर दिसायला हवं. दिसत नसेल, तर विचारलं कशासाठी?

गेल्या आठवड्यात, गुरुवारी रात्री नऊच्या सुमारास, महामार्गावर गाडीचा बॅटरीचा दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाचा काटा वर चढू लागला. मी वेग कमी केला, कडेला घेतली, इंजिन बंद केलं. अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवणारा पट्टा तुटला होता. बिघाड एवढाच. गॅरेजवाल्याने नंतर सांगितलं की गाडी नीट पोहोचली असती तर दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टा बदलून हातात दिली असती. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

९ वाजून १२ मिनिटांनी मी तुमच्या मदत क्रमांकावर फोन केला. मी स्पष्ट शब्दांत सांगितलं : “गाडी ऑटोमॅटिक आहे, ऑल व्हील ड्राइव्ह आहे, फ्लॅटबेडच पाठवा.” दोनदा सांगितलं. पलीकडून “हो मॅडम, नोंद केली” असं उत्तर आलं, चाळीस मिनिटांत मदत येईल असंही. मग मी विचारलं, तोपर्यंत आम्ही काय करायचं? माझ्याबरोबर माझे बहात्तर वर्षांचे वडील होते. उत्तर आलं : “गाडीतच बसून राहा मॅडम, काचा वर करा.”

रात्री, भरधाव रस्त्याच्या कडेला, बंद पडलेल्या गाडीत बसून राहा! पेंगुळलेल्या ट्रकवाल्याला कडेची गाडी वेळेवर दिसली नाही, तर आत बसलेल्यांचं काय होतं हे ज्यांचा धंदाच रस्त्यावरची मदत आहे त्यांना मी सांगायचं का? वडिलांनी आयुष्याची एकतीस वर्षं ट्रक चालवला आहे. त्यांनी फोन पुरा व्हायचीही वाट पाहिली नाही. चारही इंडिकेटर लावायला लावले, रहदारीच्या उलट्या बाजूच्या दाराने मला बाहेर काढलं. मागून येणाऱ्यांना इशारा देणारा लाल ट्रँगल आपल्यापुढे धरून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून ते कडेकडेने शंभर-सव्वाशे पावलं मागे चालत गेले आणि तो ठेवून आले. मग आम्ही दोघं लोखंडी कठड्याच्या पलीकडे, गाडीपासून लांब जाऊन उभे राहिलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला म्हातारा माणूस कठडा ओलांडतोय आणि मी त्याला हात देतेय, तेवढ्यात तुमचा मेसेज आला : ‘तुमची मदत पोहोचली आहे.’

मदत आली ११ वाजून ४५ मिनिटांनी. चाळीस मिनिटांचे दोन तास तेहेतीस मिनिटं झाले. मधल्या काळात मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा “दहा मिनिटांत पोहोचतील” हेच ऐकलं. तरीही उशिराची तक्रार मी बाजूला ठेवते. उशीर होतो. रस्ता आहे, रात्र आहे, माणसं कमी असतात.

पण आला तो फ्लॅटबेड नव्हता. पुढची दोन चाकं पाळण्यात धरून उचलायची, मागची दोन रस्त्यावर सोडायची, तसली टो व्हॅन होती.

त्या ड्रायव्हरबद्दल इथेच लिहून टाकते, कारण तुम्ही सगळं त्याच्यावर ढकलाल अशी मला भीती आहे. चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा. मी म्हटलं, ही गाडी अशी नेता येत नाही. त्याने मोबाइल पुढे केला आणि त्याला आलेलं काम दाखवलं. त्यात माझं नाव होतं, ठिकाण होतं आणि गाडीबद्दल दोन शब्द होते : ‘चारचाकी, बंद’.

मी ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ म्हटलं, चारही चाकांना ताकद जाते म्हटलं. तुमच्या माणसाने लिहिलं ‘चारचाकी’. फ्लॅटबेड हा शब्द कुठेही नव्हता. त्या मुलाने माझ्यासमोर तुमच्या कंट्रोल रूमला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, मी ऐकत होते. पलीकडचा आवाज म्हणाला, “पुढून उचल, न्यूट्रलला टाक आणि आण. आत्ता फ्लॅटबेड नाही. मागच्या चाकांखाली लावायला ट्रॉल्या आहेत का तुझ्याकडे?” मुलगा म्हणाला, नाहीत. “मग तसंच आण.” म्हणजे ट्रॉल्या लागतात हे पलीकडच्या माणसाला ठाऊक होतं. तो प्रश्न त्याला सुचला, याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. हे रेकॉर्डिंग काढा आणि ऐका.

मी नाही म्हणायला हवं होतं. वडीलही म्हणाले, नको देऊस. पण रात्रीचे बारा वाजत आले होते, त्यांना उभं राहवत नव्हतं, मोबाइलची बॅटरी संपत आली होती. मुलाने ओटीपी मागितला. त्याशिवाय त्याला गाडीला हात लावता येत नाही. मी ओटीपी दिला. हाही मुद्दा पुढे येणार आहे.

“तुम्ही तुमच्या गाडीतच बसा, नियम तसाच आहे,” असं कंट्रोल रूमने सांगितलं. ओढून नेल्या जाणाऱ्या गाडीत माणसं बसवायची! त्या मुलाने ते ऐकलं नाही, आम्हाला त्याच्या केबिनमध्ये घेतलं. त्याचे आभार मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

सव्वीस किलोमीटर. अठरा-एकोणिसाव्या किलोमीटरच्या आसपास वडिलांना जळका वास आला. त्यांनी थांबायला लावलं, खाली वाकून पाहिलं; गाडीच्या पोटातून धूर येत होता. कंट्रोल रूमचं उत्तर : “हळू आणा.”

आता काय झालं ते सांगते. तुमच्या तांत्रिक विभागाला हे माहीत असणारच, पण तक्रार कक्षाला नाही. पुढची चाकं पाळण्यात पट्ट्याने घट्ट बांधलेली, म्हणजे अजिबात न फिरणारी. मागची रस्त्यावर धावणारी. आणि दोन्हींना जोडणारा दांडा एकच, गाडीच्या पोटाखालून जाणारा. एक टोक थांबलेलं, दुसरं फिरतंय. हा फरक कुठेतरी जिरणारच. तो मधल्या कपलिंगच्या क्लच प्लेटांमध्ये जिरला. त्या घासल्या, तापल्या, जळाल्या. गॅरेजवाल्याने तेल काढलं तेव्हा ते काळं होतं, त्यात धातूचा चुरा होता, आणि चुरा कुठपर्यंत गेला आहे हे गिअरबॉक्स खोलल्याशिवाय सांगता येणार नाही असं तो म्हणाला. शिवाय सुरक्षेची साखळी स्टिअरिंगच्या रॉडला अडकवली होती, तो वाकला आहे. गाडीच्या पुस्तिकेत टोइंगच्या पानावर चौकटीत छापलं आहे की हे वाहन चारही चाकं जमिनीवरून उचलूनच न्यावं. मागच्या चाकांखाली दोन ट्रॉल्या सरकवल्या असत्या, तरी हे टळलं असतं.

बदलायचा होता एक पट्टा.

आणि आता आजच्या फोनबद्दल. तो मी शक्य तेवढा जसाच्या तसा लिहिते, कारण मधल्या चार फोनांपेक्षा या एकाने मला जास्त दुखावलं.

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मधे न बोलता ऐकून घेतलं. मला वाटलं, अखेर कोणीतरी ऐकतंय. मग ते म्हणाले, “मॅडम, एक सांगा. आम्ही आलो तेव्हा गाडी चालू होती की बंद?”

मी म्हटलं, बंद होती, म्हणून तर बोलावलं.

“मग बंद गाडीत आम्ही काय बिघडवणार?”

मला क्षणभर वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, परत सांगता का? त्यांनी परत सांगितलं, आवाज अगदी मऊ, लहान मुलाला समजावतात तसा : “गाडी आधीच बंद होती ना मॅडम. बंद गाडी आम्ही पोहोचवली. आमचं काम पोहोचवण्याचं.”

मी पट्टा आणि कपलिंग यांतला फरक सांगितला. ते म्हणाले, “ते गॅरेजवाले सांगणारच, त्यांना बिल करायचं असतं.” मी पुस्तिकेतलं पान वाचून दाखवलं. ते म्हणाले, “पुस्तिकेत सगळंच लिहिलेलं असतं.” मी म्हटलं, मी फ्लॅटबेड मागितला होता. तेव्हा ते म्हणाले, “पण तुम्ही ओटीपी दिलात. ओटीपी दिला म्हणजे पद्धत मान्य केली.”

साहेब, हाड मोडलेल्या माणसाला फरफटत दवाखान्यात न्यायचं आणि म्हणायचं, तो आधीच जखमी होता ना? बंद पडलेली गाडी धड असते. तिचा एक भाग गेलेला असतो, बाकीचे शाबूत असतात, आणि ते शाबूत राहावेत म्हणूनच तर आम्ही तुम्हाला बोलावतो. नाहीतर दोर बांधून ओढून नेणारा कोणीही भेटतो. ‘बंद गाडीत काय बिघडवणार’ हे तुमच्या वरिष्ठ माणसाला मनापासून वाटत असेल, तर तुमच्याकडून रोज किती गाड्या अशा पोहोचत असतील? त्यांतल्या किती मालकांना ही जळालेली प्लेट टोइंगने जळाली हे कधी कळतच नसेल?

आणि ओटीपी. मध्यरात्री रस्त्याच्या कडेला, म्हाताऱ्या वडिलांबरोबर, अडीच तास थांबल्यावर दिलेले चार आकडे. ती मान्यता नव्हती, नाइलाज होता. त्या स्क्रीनवर ‘टोइंगची पद्धत : पुढची चाकं उचलून’ असं लिहिलं असतं आणि खाली मी सही केली असती, तर मी आज एक शब्द बोलले नसते.

फोन संपल्यावर दोन मिनिटांत मेसेज आला : ‘तुमची तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.’ कोणाचं समाधान झालं, हे कळवा.

मला जे हवं आहे ते असं. कपलिंग, स्टिअरिंगचा रॉड आणि गिअरबॉक्समध्ये जे निघेल ते, या सगळ्या दुरुस्तीचा पूर्ण खर्च तुम्ही द्यायचा. पट्ट्याचे पैसे मी देईन, तो माझा बिघाड होता. गुरुवारच्या सगळ्या फोनांचं रेकॉर्डिंग जपून ठेवायचं आणि मला प्रत द्यायची. ‘सेवेच्या दर्जासाठी हा कॉल रेकॉर्ड होत आहे’ असं दर वेळी तुम्हीच ऐकवता. त्या ड्रायव्हरवर कारवाई करायची नाही. त्याला जे पाठवलं गेलं तेच त्याने वाचलं. आणि फोन घेणाऱ्या प्रत्येकाने गाडीबद्दल चार गोष्टी विचारून त्या जशाच्या तशा ड्रायव्हरपर्यंत पोहोचवायच्या : गिअर ऑटोमॅटिक की हाताने, ताकद कोणत्या चाकांना, गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड आहे का, हँडब्रेक बटणाचा आहे का. इलेक्ट्रिक गाडीची चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार होते. बटणाचा हँडब्रेक बॅटरी मेल्यावर सुटत नाही, चाकं जाम राहतात आणि टायर रस्त्यावर घासले जातात. हे सगळं त्या मुलाला माहीत होतं. तुमच्या फॉर्मला नव्हतं.

माणसांना बंद गाडीत बसून राहायला सांगणं आजपासून बंद करा. दुरुस्तीच्या पैशांआधी हे करा. गाडी दुरुस्त होईल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर फोटो, फोनांच्या वेळा, गॅरेजचा अहवाल आणि तुमचे मेसेज घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. हे मी रागात लिहीत नाही. वकिलांशी काल बोलून झालं आहे. जळालेल्या प्लेटा मी गॅरेजमधून आणून घरी ठेवल्या आहेत, त्या टाकू दिल्या नाहीत.

माझ्या बहिणीने आणि ऑफिसातल्या तिघांनी मी सांगितलं म्हणून तुमची योजना घेतली. “रात्री-अपरात्री अडकलात तर यांना फोन करा, बाकी बघायला नको,” असं मी सांगत असे, आणि मला ते खरंच तसं वाटत होतं. त्या चौघांना मला आता फोन करून सांगावं लागलं की कठड्यापलीकडे उभं राहा आणि ओटीपी देऊ नका. बहिणीच्या गाडीत दोन लहान मुलं असतात.

मला परत फोन करू नका. लिहून कळवा.

आपल्या योजनेची चार वर्षांची सभासद