टीडीएस कापला नाही म्हणजे टॅक्स नाही असं नसतं गं

प्रिय सोनू,

फोनवर सगळं सांगत बसले असते तर तू दोन मिनिटांत "हो गं आई, बघते" म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहितेय. तुझं म्हणणं असं की दोन्ही कंपन्यांनी टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा टॅक्स) कापला नाही, म्हणजे माझा टॅक्स शून्य, मग रिटर्न कशाला. हे साफ चूक आहे. बँकेत असताना अशी माणसं रोज काउंटरला बघितलीत, पण घरातलीच निघेल असं वाटलं नव्हतं.

कंपनीला फक्त तिने दिलेला पगार कळतो. एप्रिल ते सप्टेंबर 2025 तू पहिल्या कंपनीत होतीस, महिना 1 लाख. त्यांनी वर्षाचे 12 लाख धरले, 75 हजार स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना मिळणारी ठरलेली सूट) वजा केलं, रक्कम 12 लाखांच्या आत आली, रिबेट म्हणजे टॅक्समाफी मिळाली, काही कापलं नाही. ऑक्टोबरपासून नवीन ठिकाणी सव्वा लाख. तिथे तू जुन्या पगाराचा फॉर्म 12बी दिला नाहीस ना? मग त्यांना साडेसात लाखच दिसले, त्यातून परत 75 हजार वजा केले आणि परत शून्य. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे बघ!

आता एकत्र कर. साडेतेरा लाख, 75 हजार एकदाच वजा, राहिले पावणेतेरा. 12 लाखांची रेघ ओलांडली की रिबेट गेली आणि हिशोब खालच्या स्लॅबपासून, म्हणजे उत्पन्नाच्या पहिल्या टप्प्यापासून, सुरू. पहिल्या 4 लाखांवर काही नाही, पुढच्या 4 वर 20 हजार, त्यापुढच्या 4 वर 40 हजार, उरलेल्या 75 हजारांवर 15 टक्क्यांनी 11,250. झाले 71,250, वर 4 टक्के सेस (टॅक्सवरचा जादा कर), एकूण 74,100. आणि अ‍ॅडव्हान्स टॅक्स (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा) भरला नाही म्हणून महिन्याला 1 टक्का व्याज वेगळं.

शिवाय आजीने तुझ्या नावावर ठेवलेली एफडी. व्याज वर्षाला 50 हजारांच्या आत आहे म्हणून बँक टीडीएस कापत नाही, पण ते व्याज तुझं उत्पन्नच आहे, ते दाखवायचंच. 20 हजार धरलेस तरी 3 हजार टॅक्स आणि सेस वाढला.

आत्याचा मुलगा म्हणतो ना की पगार 12 लाख 75 हजारांच्या वर जाऊच देऊ नये, सगळ्यावर मोठा टॅक्स लागतो, तर त्याचं अर्धंच खरं आहे. 15 टक्के सगळ्या पगारावर लागत नाही, त्या स्लॅबमधल्या रकमेवरच लागतो. आणि टॅक्सेबल रक्कम 12 लाखांच्या वर 10 हजार गेली तर मार्जिनल रिलीफ नावाच्या सवलतीमुळे टॅक्सही 10 हजारच, अधिक सेस. म्हणजे त्या छोट्या पट्ट्यात वाढलेला पगार हातात उरत नाही हे खरंय, पण त्यासाठी कोणी इन्क्रीमेंट नाकारतं का?

आणि तो तुझ्या मैत्रिणीचा एजंट, "बाबांना भाडं दिलं दाखव, देणगी दाखव, रिफंड काढून देतो" म्हणणारा, त्याच्याकडे अजिबात जायचं नाही. नव्या रेजीममध्ये, म्हणजे वर हिशोब केला त्या टॅक्स पद्धतीत, एचआरए (घरभाड्याची सूट) आणि 80सी (गुंतवणुकीवरची सूट) चालतच नाही, जुनी घ्यायची तर भाडं खरंच दिलेलं हवं. जुलै 2025 मध्ये अशा खोट्या वजावटींवरून इन्कम टॅक्स खात्याने देशभर तपासण्या केल्यात. रिटर्न तुझ्या पॅनवर जातं, नोटीसही तुलाच येणार, एजंटचा फोन तेव्हा स्विच ऑफ.

31 जुलैच्या आत भर. उशीर झाला तर 31 डिसेंबरपर्यंत भरता येतं पण तुझ्या पगाराला 5 हजार लेट फी, आणि जुनी रेजीम निवडता येत नाही (तुला नकोच आहे म्हणा). भरल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय कर, आधारच्या ओटीपीने होतं. सबमिट करून निवांत बसणारे पण खूप असतात, व्हेरिफाय केलं नाही तर ते रिटर्न भरलेलंच धरत नाहीत.

आत्ता एवढंच कर, दोन्ही कंपन्यांचे फॉर्म 16 (पगाराचा दाखला) माग आणि इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरून एआयएस (तुझ्या उत्पन्नाची खात्याकडची नोंद) डाउनलोड करून मला पाठव. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे पॅन लहान अक्षरात आणि पुढे जन्मतारीख. रविवारी बाबा मॅच लावतील तेव्हा आपण दोघी बसू.

तुझी आई