‘तारीख तेवढी तुम्ही घाला, काका’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या उपनगरातल्या एका खासगी अभिमत विद्यापीठात मी ३१ वर्षे नोकरी करतो आहे. शिक्षकेतर, परीक्षा विभाग. वय ५६. निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत, पण दिवाळीपासून मला तीनदा ‘वर’ बोलावणे आले. वर म्हणजे पाचव्या मजल्यावर, एचआरमध्ये. (पूर्वी त्याला आस्थापना विभाग म्हणत आणि तिथे पंखा होता. आता एसी आहे.)

तिथली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. ‘काका, बसा ना’ म्हणाली, चहा मागवला. तब्येत कशी आहे, मुलीचे कुठे जमले का, डोंबिवलीहून रोज यायचे म्हणजे किती दगदग, अशी चौकशी झाली. मग फोल्डरमधून एक छापील अर्ज काढून माझ्यापुढे सरकवला. नाव, हुद्दा, कर्मचारी क्रमांक सगळे आधीच भरलेले. मजकूर दोन ओळींचा: वैयक्तिक कारणास्तव सेवेतून मुक्त होऊ इच्छितो. ‘तारीख तेवढी तुम्ही घाला, काका.’ चहा थंड होईपर्यंत मी त्या ‘वैयक्तिक कारणा’कडे बघत बसलो होतो.

व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती योजना) हा शब्द आमच्या घरात नवा नाही. वडील गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर गिरणी रखडत चालली आणि पुढे त्यांनीही ती घेतली. पण निदान तिला व्हीआरएस म्हणत होते. अलीकडचे उदाहरण एमटीएनएल या सरकारी टेलिफोन कंपनीचे. ३१ जानेवारी २०२० रोजी मुंबई-दिल्लीतले चौदा हजारांवर कर्मचारी एकाच दिवशी बाहेर पडले. त्यांच्यावर दबाव नव्हता असे मी म्हणत नाही. पण योजना कागदावर होती: झालेल्या सेवेच्या दर वर्षामागे ३५ दिवसांचा आणि उरलेल्या दर वर्षामागे २५ दिवसांचा पगार. माणूस घरी जाऊन बायकोशी बोलून, कॅल्क्युलेटर घेऊन बसू शकत होता. आमच्याकडे योजनाच नाही. आहे तो फक्त अर्ज, आणि तोही राजीनाम्याचा.

राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांतला फरक अनेकांना सही करून झाल्यावर कळतो. जुनी पेन्शन लागू असलेल्यांना १९८२च्या महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांप्रमाणे २० वर्षांच्या सेवेनंतर, तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि पेन्शन शाबूत राहते. राजीनामा दिला तर मागची सेवाच जप्त होते. आम्हा खासगीवाल्यांची पेन्शन पीएफची, आधीच चार आकडी. ती ५८व्या वर्षी पूर्ण मिळते. आधी सुरू केली तर दर वर्षामागे ४ टक्के कापले जातात, तेही कायमचे. ग्रॅच्युइटीचे गाजर दाखवतात, पण पाच वर्षे नोकरी झाली की ती तशीही मिळतेच. ते संस्थेने दिलेले बक्षीस नव्हे.

आणखी एक मौज. १९६२च्या आयकर नियमांत व्हीआरएसच्या रकमेवर पाच लाखांपर्यंतची करसवलत घालताना अट अशी होती की योजनेमुळे कर्मचारीसंख्या खरोखर घटली पाहिजे आणि रिकामी झालेली जागा पुन्हा भरायची नाही. आमच्याकडे मार्चमध्ये गेलेल्या बाईंच्या खुर्चीत जूनमध्ये एजन्सीचा मुलगा बसला, अकरा महिन्यांच्या करारावर. मुलगा चांगला आहे. त्याला पीएफची स्लिप कशी वाचायची ते मीच शिकवले. त्याच्यावर राग कशाला धरू? त्यालाही पुढच्या वर्षी कोणी ओळखणार नाही.

‘वर’ जाऊन आल्यावरही सही न करणाऱ्यांचे काय होते, तेही सांगतो. ग्रंथालयातल्या एका सहकाऱ्याची बदली पनवेलपलीकडच्या कॅम्पसवर झाली. ते वसईला राहतात. दुसऱ्याचे टेबल झेरॉक्स मशीनशेजारी गेले आणि त्याचा लॉगिन ‘सिस्टीम अपग्रेड’मध्ये बंद झाला तो झालाच. प्राध्यापकांना ‘कार्यभार नाही’ असे ऐकवतात. पण विषय बंद कोणी केला, हे त्यांनी विचारायचे नाही.

आमच्यातही दुपारच्या डब्यानंतर तीनपर्यंत दिसेनासे होणारे लोक आहेत, हे मान्य. त्यांना मेमो द्या, गोपनीय अहवालात लिहा. पण वयाकडे बघून सरसकट सगळ्यांना एकाच फोल्डरमध्ये घालू नका.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले. १९९४ची बॅच, मुलाकडे कॅनडाला जायचे होते, ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) हवे होते. काउंटरवरच्या मुलाने नाव टाइप केले आणि ‘नो रेकॉर्ड फाउंड’ म्हणून सांगून टाकले. संगणकात २००३च्या आधीचे काहीच नाही. मी आणि आमचा शिपाई तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये गेलो. १९९४ची टॅब्युलेशन रजिस्टरे, म्हणजे निकालाच्या वह्या, लाल कापडात बांधलेली, भिंतीच्या ओलीने पाने एकमेकांना चिकटलेली. त्या वर्षी पुरवणी निकालाचे रजिस्टर वेगळे होते, हे मला ठाऊक होते, कारण ते मीच लिहिले होते. नवीन नोकरी, अक्षर जपून काढलेले. तासाभरात आसनक्रमांक सापडला. ते गृहस्थ पेढे घेऊन आले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने विचारले, ‘काका, अशी अजून किती रजिस्टरे आहेत?’ मला नेमका आकडा सांगता आला नाही. यादी कुठेच नाही. ती बनवायला मला सहा महिने लागतील आणि ते काम मी आनंदाने करीन, असे मी लिहून दिले आहे. उत्तर आलेले नाही.

लोक नको असतील तर योजना आणा. रक्कम, मुदत, अटी सगळे लेखी द्या, विचाराला महिनाभर द्या, आणि दिलेला होकार मागे घ्यायची मुभा ठेवा. ज्यांना खरोखरच जायचे आहे, आणि असे माझ्याच विभागात दोघे आहेत, ते खुशीने जातील.

सोमवारी मला पुन्हा वर बोलावले आहे. या वेळी चहा घेणार नाही. हिशेब लेखी द्या म्हणून दोन प्रतींत अर्ज नेतो आहे, एका प्रतीवर पोच घेईन.

– एक विद्यापीठ कर्मचारी, डोंबिवली
(कृपया नाव छापू नये.)