गड्ड्याचे पैसे

सिंगापूर,
१४ डिसेंबर २०२५

ती. आई-बाबांना सा. न.

रोज फोनवर बोलतो आपण, तरी आज मुद्दाम कागद घेऊन बसले आहे. गेल्या आठवड्यात आई म्हणाली, "भिशी लागलीय. चिऊला गड्ड्यासाठी काहीतरी पाठवावं म्हणत होते, पण तू रागावशील." संक्रांतीला आपल्या सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या जत्रेचं, गड्ड्याचं, नाव निघालं आणि मी हसून विषय बदलला. रात्री मात्र झोप लागली नाही. आईनं नातीला चार पैसे द्यायचे आणि त्यासाठी लेकीला भ्यायचं, ही वेळ मी आणली.

दोन वर्षांपूर्वी चिऊच्या वाढदिवसाला बाबांनी ५,००१ रुपये पाठवले होते. भर उन्हात दोन फेऱ्या मारल्या, फॉर्म भरला, पॅनची झेरॉक्स दिली, सह्या केल्या. तिकडच्या बँकेनं शुल्क घेतलं, त्यावर जीएसटी, मग वाटेतल्या कुठल्यातरी तिसऱ्या बँकेनं आपलं कापून घेतलं. माझ्या खात्यात आले तेव्हा जेमतेम निम्मे उरले होते. आणि मी फोनवर काय बोलले? "बाबा, कशाला हे उद्योग? मला इथे काय कमी आहे?" तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. त्यानंतर तुम्ही कधी पैशांचं नाव काढलं नाही.

बाबा, तुम्ही तीस वर्षं यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहिलात. वहीत पैसुद्धा इकडची तिकडे झाली नाही. पण संक्रांतीला मी आणि दादा होम मैदानावर निघालो की तुम्ही आमच्या मुठीत दहा-दहा रुपये ठेवायचात आणि परत आल्यावर त्यांचा हिशेब कधी विचारला नाहीत. एका वर्षी मी सगळेच्या सगळे पाळण्यात घालवले, चक्कर येऊन घरी आले. तेव्हासुद्धा तुम्ही विचारलंत ते एवढंच, "वरून सिद्धेश्वराचं तळं दिसलं का?" कारखान्याचा हिशेब वेगळा आणि गड्ड्याचा वेगळा, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तुमच्या ५,००१ रुपयांना मात्र मी कारखान्याचा हिशेब लावला. माझं चुकलं, बाबा.

आई, तुला आजवर न सांगितलेली एक गोष्ट सांगते. २०१५ मध्ये मी इकडे यायला निघाले तेव्हा तू ओटी भरलीस. खण, नारळ, तांदूळ आणि पाचशेची नोट, वर एक रुपया. ती नोट मी मोडलीच नाही. इथे ती चालणार नव्हती आणि तिकडे आल्यावर मोडावीशी वाटली नाही. पुढच्या वर्षी, ८ नोव्हेंबर २०१६ ला, जुन्या नोटा रद्द झाल्या. तू हळहळशील म्हणून बोलले नाही. अजून ती खणातच आहे, एका कोपऱ्याला तुझ्या बोटाचं कुंकू लागलेली. वरचा रुपया मात्र अजून चालतो. पहिल्या वर्षी घर आठवून जीव कासावीस झाला की मी तो खण उघडून बसायचे. एवढं असून तुमच्या पैशांना "कशाला" म्हणाले, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

तर यंदा पाठवा. हक्कानं पाठवा, मी आनंदानं घेईन. फक्त त्या फॉर्मच्या वाटेनं नको, कारण थोड्या पैशांना ती वाट परवडत नाही. शुल्क ठरावीक असतं, लाख पाठवा नाहीतर हजार. लाखात ते जाणवत नाही, हजारात सगळं खाऊन टाकतं.

आता दुसरी वाट आहे. आपलं यूपीआय आणि सिंगापूरचं पेनाउ, म्हणजे मोबाइल नंबरवर पैसे पाठवायची इथली सोय, २१ फेब्रुवारी २०२३ ला एकमेकांना जोडलं गेलं. बाबा फोनवरून भाजीवाल्याला पैसे देतात, तसेच मला पाठवता येतात. नातेवाइकांना भेट म्हणून किंवा त्यांच्या खर्चासाठी पाठवायला ही सोय केली आहे आणि दिवसाची मर्यादा ६०,००० रुपये आहे. आपल्याला तेवढे कशाला लागतील! तुमच्या बँकेत आणि माझ्या इथल्या बँकेत ही सोय आहे, मी खात्री करून घेतली. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये माझा इथला मोबाइल नंबर घालायचा, माझं नाव नीट वाचायचं, किती रुपयांचे किती डॉलर होतात ते बघायचं आणि मगच पिन टाकायचा. १,००१ रुपये पाठवलेत तर चौदा डॉलरच्या आसपास होतील.

कट्ट्यावर कुणीतरी बाबांना सांगितलं म्हणे, परदेशी पैसे पाठवले की सरकार वीस टक्के कापतं. तो टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर आहे, आणि भेटीच्या पैशांवर तो वर्षाला १० लाखांच्या पुढच्या रकमेलाच लागतो. मुलीला दिलेल्या भेटीवर तिला आपल्याकडे प्राप्तिकरही नाही. तेव्हा निश्चिंत राहा.

कधी मोठी रक्कम द्यावीशी वाटली, तर डॉलर करायचेच नाहीत. सोलापुरातलं माझं जुनं खातं आता एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं रुपयांतलं खातं, झालं आहे, त्यात रुपयांतच भरा. सुट्टीला आले की नव्या पेठेत जाऊन आईच्याच पसंतीनं खर्च करीन. आणि आई, शेंगा चटणीच्या पार्सलमध्ये घडी करून नोट घालू नकोस गं. पोस्टानं नोटा परदेशी पाठवायला परवानगी नाही, चटणीसकट पार्सल अडकेल.

एक महत्त्वाचं. "मुलीचे पैसे अडकलेत, सोडवायला पिन टाका" असा कुणाचाही फोन आला तर लगेच ठेवून द्या. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, फक्त द्यायला लागतो. शंका आली तर आधी मला फोन करा, रात्री-अपरात्री कधीही.

चिऊला मी गड्डा सांगितला आहे. सात नंदीध्वज, अक्षता सोहळा, पाळणे, सगळं. "इथे का नाही गड्डा?" म्हणून रुसली. पण त्याच दिवसांत इथल्या लिटल इंडियात पोंगल असतो. कॅम्पबेल लेन सजवतात, गाई आणतात. तुमचे पैसे तिच्या मुठीत देऊन तिला तिथे नेणार आहे. काय घेतलं ते ती तुम्हाला सांगेल. मी विचारणार नाही.

४ जानेवारीला, रविवारी सकाळी अकरा वाजता फोन करते. इथे तेव्हा दीड वाजलेला असेल, आमचं जेवण झालेलं असेल. बाबा, फोन चार्ज करून आणि चष्मा घेऊन बसा. आधी १०१ रुपये पाठवून बघू. ते आले की मग आईच्या भिशीतले.

तुमची,
धाकटी