सूचना : जैंतिया हिल्समधल्या गुहा आणि तिथलं पाणी

मेघालय मोहिमेला नाव दिलेल्या सर्व सभासदांसाठी.

जैंतिया हिल्समधल्या चुनखडीच्या गुहांत ओढे वाहतात. भोवतालच्या कोळसा खाणींमुळे त्यांतल्या काहींचं पाणी आम्लयुक्त झालंय. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये रॅट-होल (उंदराच्या बिळासारखे अरुंद बोगदे खणून केलेल्या) खाणकामावर बंदी घातली, तरी जुन्या खाणींतून झिरपा सुरूच असतो. असं पाणी कधी कधी अगदी नितळ दिसतं, म्हणूनच फसगत होते. दगडांवर नारिंगी साका आणि पाण्यात मासा-किडा काहीच नाही, तर समजून जा. उकळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकून आम्ल आणि धातू जात नाहीत. पिण्याचं पाणी मुक्कामावरूनच भरून घ्यायचं, माणशी ३ लिटर. ‘गडावरच्या टाक्यातलं पितोच की’ हा युक्तिवाद तिथे ऐकला जाणार नाही!

पायाला उघडी जखम असेल तर आत उतरू नका. लेप्टोची (दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची) भीती आहे. बाहेर आल्यावर साबणाने हातपाय धुऊन मगच डबा उघडा.

हेल्मेट आणि दोन टॉर्च सक्तीचे, मोबाइलचा टॉर्च धरला जाणार नाही. पाऊस आला किंवा आतलं पाणी गढूळ होऊ लागलं की लगेच परत फिरायचं. स्थानिक वाटाड्याचा शब्द अखेरचा.

– मोहीम संयोजक